हरणाऱ्या संघाशी नाते कसे टिकवावे : बेळगावच्या फुटबॉलप्रेमींसाठी

२०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. मूर्ती आणणे, प्रतिष्ठापना, मोदक, आरत्या आणि पाहुणे हे सगळे उरकून अनगोळमधील आमच्या घरची मंडळी झोपली तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजत आले होते. माडीवरच्या खोलीत मात्र आम्ही पाच जण आवाज बंद केलेल्या टीव्हीसमोर बसलो होतो, कारण त्याच वेळी इंग्लंडमध्ये मँचेस्टर युनायटेडचा लीग कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेतला सामना सुरू होत होता. समोर होता ग्रिम्सबी टाउन, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या चौथ्या पायरीवरचा संघ. दोन गोलांनी मागे पडलेल्या युनायटेडने शेवटच्या पंधरा मिनिटांत २-२ अशी बरोबरी साधली, पेनल्ट्या सुरू झाल्या, त्या संपता संपेनात, आणि अखेर १२-११ असा सामना हातचा गेला. अडीच वाजून गेले होते. थोरल्या चुलतभावाने ताटातला उरलेला एक मोदक उचलला, तो न खाताच परत ठेवला आणि काही न बोलता जिना उतरून गेला. सकाळी आरतीला आलेल्या मामांनी सगळ्यांसमोर विचारले, "काय रे, रात्रभर जागून हरलं काय तुमचं मँचेस्टर?"

असा प्रश्न ज्यांना विचारला जातो, आणि तरीही पुढच्या शनिवारी जे पुन्हा टीव्हीसमोर बसतात, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. उदाहरणे बहुतेक मँचेस्टर युनायटेडची घेतली आहेत, कारण गेली वीस वर्षे माझा जीव त्या संघात अडकलेला आहे. परंतु येथे सांगितलेली रीत गोव्याच्या, बंगळूरच्या किंवा कोलकात्याच्या संघालाही लागू पडावी. संघ सोडावा की धरून राहावे, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे फार होते, आणि माझ्या मते ती बहुधा निष्फळ असते, कारण लहानपणी जडलेला संघ ठरवून सोडता येत नाही. हातात असते ते एवढेच, की आपली नाराजी मोघम ठेवायची की नेमकी करायची. मोघम नाराजी घरात चिडचिड आणते, मित्रांत भांडणे लावते आणि खेळ पाहण्याचा आनंदही घालवते. नेमकी नाराजी बाळगून मात्र माणूस वर्षानुवर्षे एका संघाबरोबर राहू शकतो.

आधी एक वही घालावी

शंभर पानी साधी वही पुरते. प्रत्येक सामन्याला एक पान द्यावे आणि त्यावर तारीख, प्रतिस्पर्धी, गोलसंख्या, आपल्यावर गोल कसे झाले (कॉर्नरवरून, प्रतिहल्ल्यात, की आपल्याच चुकीने चेंडू गमावल्यामुळे) आणि आपण निर्माण केलेल्या खऱ्या संधी किती, एवढे लिहावे. त्यानंतर दोन रकाने आखावेत आणि हे दोन रकाने म्हणजेच या वहीचा जीव आहे. पहिल्या रकान्यात सामना संपताक्षणी राग कोणावर आला ते लिहावे. दुसऱ्या रकान्यात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कामावरून आल्यावर आणि चहा घेतल्यावर, राग कोणावर उरला ते लिहावे. दोन्ही नोंदी सारख्याच निघाल्या तर तो राग बहुधा खरा असतो.

माझ्या २०२४-२५ च्या वहीत बहुतेक पानांवर पहिल्या रकान्यात गोलरक्षकाचे नाव होते आणि दुसऱ्या रकान्यात ते क्वचितच राहिले होते. मोसम संपल्यावर आकडे पाहिले तेव्हा त्याचे कारण कळले. त्या मोसमात युनायटेडने प्रीमियर लीगचे ३८ सामने खेळून ११ जिंकले, ९ बरोबरीत सोडवले आणि १८ गमावले. गोल केले ४४ आणि स्वीकारले ५४. स्वीकारलेले ५४ गोल वाईटच आहेत, परंतु ३८ सामन्यांत केवळ ४४ गोल करणे, म्हणजे दर सामन्याला जेमतेम सव्वा गोलही नाही, ही त्या संघाची खरी दुखणी होती. संघाचे पोट पुढच्या बाजूला दुखत होते आणि आम्ही औषध मागच्या बाजूला लावत होतो.

गुणतक्ताही असाच नीट वाचावा लागतो. युनायटेड त्या वर्षी ४२ गुणांसह पंधराव्या स्थानी राहिला. १९७३-७४ मध्ये संघाची दुसऱ्या विभागात घसरण झाली होती, त्यानंतरची ही सर्वांत वाईट कामगिरी, आणि ती पाहून आमच्यातले काही जण मार्च महिन्यातच "आता खालच्या विभागात जाणार" असे म्हणू लागले होते. वस्तुतः तशी भीती कधीच नव्हती. शेवटचे तीन संघ खाली जातात. त्या वर्षी अठराव्या स्थानावरच्या लेस्टर सिटीचे गुण होते २५, आणि सतराव्या स्थानावरचा टॉटनहॅम ३८ गुण मिळवूनही निर्धास्त होता. म्हणून स्थानाकडे पाहण्याआधी खालच्या रेषेपासूनचे अंतर मोजावे. संघ वाईट खेळतो आहे हे एक दुःख आहे आणि संघ बुडतो आहे हे दुसरे. दोन्ही एकाच वेळी भोगण्याची गरज नसते.

ज्यांना आकड्यांची गोडी आहे त्यांनी अपेक्षित गोल, म्हणजे मोबाइलवर एक्सजी या नावाने दिसणारा आकडा, समजून घ्यावा. पूर्वी तशाच जागेवरून, तशाच परिस्थितीत मारलेले फटके कितीदा गोलात गेले यावरून प्रत्येक फटक्याला शून्य ते एक असा भाव दिला जातो. पेनल्टीचा भाव साधारण पाऊण गोलाहून किंचित जास्त असतो, तर तीस यार्डांवरून मारलेल्या फटक्याचा अगदीच किरकोळ. एका सामन्यावरून हा आकडा फारसे सांगत नाही. आठ-दहा सामन्यांची बेरीज केली, ती प्रत्यक्ष गोलांशी ताडून पाहिली, की संघ दैवाने हरतो आहे की कर्माने, याचा अंदाज येतो. दैवाने हरणाऱ्या संघाला थोडा अवधी द्यावा. कर्माने हरणाऱ्या संघाच्या बाबतीत पुढचा भाग वाचावा.

राग कोणावर, ते ठरवावे

२७ एप्रिल १९७४ रोजी युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर मँचेस्टर सिटीच्या डेनिस लॉ यांनी टाचेने मारलेला गोल युनायटेडला भोवला आणि संघ दुसऱ्या विभागात गेला, असे अजूनही सर्रास सांगितले जाते. लॉ हे युनायटेडचेच जुने, लाडके खेळाडू, त्यामुळे ही कथा सांगायला आणि ऐकायलाही रंगतदार आहे. प्रत्यक्षात त्याच दिवशी तळाशी झगडणाऱ्या बर्मिंगहॅम सिटीने आपला सामना जिंकला होता, त्यामुळे लॉ यांचा गोल झाला नसता तरी युनायटेडची घसरण अटळ होती. तो संघ एका टाचेमुळे बुडाला नाही, वर्षभराच्या खेळामुळे बुडाला. चाहत्यांना मात्र एक चेहरा हवा असतो, आणि तो बहुधा शेवटी दिसलेला चेहरा असतो. पुढचे वर्ष मला अधिक सांगण्यासारखे वाटते: १९७४-७५ मध्ये दुसऱ्या विभागात खेळत असतानाही युनायटेडच्या घरच्या सामन्यांची सरासरी प्रेक्षकसंख्या साऱ्या इंग्लंडमध्ये सर्वाधिक होती, आणि संघ तो विभाग जिंकून वर परतला.

रागाचे पत्ते साधारणपणे चार असतात: खेळाडू, प्रशिक्षक, खेळाडूंची खरेदी-विक्री ठरवणारी मंडळी आणि मालक. एखाद्या खेळाडूची चूक एका सामन्यापुरती असते. प्रशिक्षकाची चूक दहा-पंधरा सामन्यांत दिसते. खरेदीची चूक दोन-तीन मोसमांत उघडी पडते, आणि मालकाची चूक कळायला कधीकधी दहा वर्षे लागतात, तोवर ती आपण पहिल्या तिघांच्या नावावर टाकत राहतो. अॅलेक्स फर्ग्युसन २०१३ मध्ये निवृत्त झाल्यापासून २०२४ अखेरपर्यंत युनायटेडने मोइस, व्हान खाल, मोरिन्यो, सोल्शेअर, टेन हाग आणि अमोरिम असे सहा कायमस्वरूपी प्रशिक्षक नेमले. या काळात दोन एफए कप, दोन लीग कप आणि एक युरोपा लीग मिळाली, परंतु लीगचे विजेतेपद एकदाही नाही. सहा वेगवेगळ्या स्वभावांची, चार देशांतली, वेगवेगळ्या पद्धतींची माणसे एकाच खुर्चीवर बसून अडखळत असतील, तर माणसांबरोबर खुर्चीखालची जमीनही तपासायला हवी, एवढे आपल्याला दूर बसूनही म्हणता येते.

त्या जमिनीची हकिकत थोडक्यात अशी. २००५ मध्ये अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब विकत घेतला, त्यातला मोठा भाग कर्जाऊ होता, आणि त्या कर्जाचा बराच बोजा क्लबच्याच डोक्यावर आला. म्हणजे घर विकत घेणाऱ्याने घरावरच कर्ज काढावे आणि हप्ता भाडेकरूंनी भरावा, असा तो व्यवहार. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी २७.७ टक्के हिस्सा घेतला आणि फुटबॉलचा कारभार त्यांच्या हाती आला. त्यानंतर नोकरकपात झाली, मोसमाच्या मध्यावर काही तिकिटे ६६ पौंडांवर नेली गेली आणि चाहत्यांचा नवा राग ओढवला. हे सगळे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. एखाद्या तरुण खेळाडूने सोपी संधी घालवली की हे पान आधी उघडावे आणि मग तोंड उघडावे.

धीर धरावा असे सांगणारे लोक हमखास १९८९ चा दाखला देतात. त्या वर्षीच्या डिसेंबरात फर्ग्युसन यांनी जावे अशा मागणीचा फलक ओल्ड ट्रॅफर्डवर झळकला होता. १९९० मध्ये त्यांनी एफए कप जिंकला, १९९३ मध्ये सव्वीस वर्षांनी लीगचे विजेतेपद आणले आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. दाखला खरा आहे, परंतु तो देणारे हे विसरतात की धीर धरूनही काही न मिळालेल्या क्लबांची यादी याहून कितीतरी लांब आहे. त्यांची आठवण कोणी काढत नाही, एवढेच. माझी कसोटी अशी आहे, की संघ हरत असला तरी तरुण खेळाडू सुधारत आहेत का, आणि सामन्याच्या शेवटच्या वीस मिनिटांत संघ पळतो आहे का, हे दहा सामने पाहावे. दोन्हींचे उत्तर होय असेल तर प्रशिक्षकाला वेळ द्यावा, एरवी १९८९ चा जप करू नये.

निकालाची वाट पाहणे सीमाभागातल्या मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि पुढची तारीख कधी, हा प्रश्न आमच्या गल्लीत चहाबरोबर निघतो. परंतु त्या वाट पाहण्यामागे हक्काची भावना आहे. फुटबॉल संघाची वाट आपण हौसेने पाहतो, आणि हौसेपायी झोप, पैसा व घरातली शांतता किती घालवायची, हे आपल्यालाच ठरवावे लागते.

निष्ठा म्हणजे मुकाट्याने बसणे असे समजू नये

ग्लेझर आल्यावर मँचेस्टरमधील चाहत्यांनी वेगवेगळे मार्ग धरले. काहींनी २००५ मध्येच एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा सभासदांच्या मालकीचा नवा क्लब काढला आणि ते खालच्या लीगमध्ये जाऊन बसले. काही जण ओल्ड ट्रॅफर्डवरच राहिले, पण २०१० मध्ये त्यांनी लाल रंगाऐवजी हिरवे-पिवळे मफलर गळ्यात घातले. हे रंग १८७८ साली रेल्वे कामगारांनी काढलेल्या न्यूटन हीथ या मूळ क्लबचे होते, ज्याचे १९०२ मध्ये मँचेस्टर युनायटेड झाले. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातील बारा श्रीमंत क्लबांनी स्वतःची सुपर लीग जाहीर केली, तेव्हा चाहत्यांच्या संतापापुढे सहाही इंग्लिश क्लबांनी दोन दिवसांत माघार घेतली. २ मे रोजी निदर्शक ओल्ड ट्रॅफर्डमध्ये शिरले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. क्लब सोडून गेलेले अधिक निष्ठावान की आत राहून मफलर बदललेले, असा वाद आमच्या माडीवर अनेकदा झाला आहे आणि मला दोन्ही बाजू पटतात.

बेळगावात बसून आपल्याजवळ ना तिकीट आहे ना मत. आपल्याजवळ आहे ते लक्ष आणि थोडासा पैसा. मालकांवर नाराजी असेल तर दरवर्षी निघणारी नवी अधिकृत जर्सी घेऊ नये. जुनी धुऊन वापरावी. (खडेबाजारात दोन-तीनशे रुपयांना मिळणारी जर्सी घेणारे बहुतेक जण हा बहिष्कार नकळत कधीपासूनच पाळत आहेत, परंतु तिची दोन धुण्यांत उडणारी पाठीवरची नावे पाहिली की वाईट वाटते.) खेळाडूंच्या खात्यांवर जाऊन शिव्या लिहिणे मात्र सर्वथा टाळावे. जुलै २०२१ मध्ये युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकलेल्या रॅशफर्ड, सांचो आणि साका या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंवर वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला. मँचेस्टरच्या विदिंग्टन भागातील रॅशफर्डचे भित्तिचित्र विद्रूप केले गेले, तेव्हा शेजारपाजारच्या लोकांनी येऊन ते चिठ्ठ्यांनी झाकून टाकले. शिवी लिहिणारा आपल्याला चाहता म्हणवत होता आणि चिठ्ठी चिकटवणाराही चाहताच होता.

रात्रीचे वेळापत्रक

भारत आणि इंग्लंड यांच्या घड्याळांत हिवाळ्यात साडेपाच तासांचे आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचे अंतर असते, आणि इंग्लंडमधील घड्याळे मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. त्यामुळे तिथे शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारा सामना ऑक्टोबरच्या मध्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला, तर नोव्हेंबरात साडेआठला असतो. आठवड्याच्या मधला रात्री आठचा सामना उन्हाळी वेळेत साडेबाराला आणि हिवाळी वेळेत दीडला सुरू होतो. या दोन रविवारांच्या तारखा घरच्या दिनदर्शिकेवर आधीच खुणावून ठेवाव्यात, म्हणजे तासभर आधी किंवा उशिरा बसण्याची फजिती होत नाही.

दीडचा सामना पाहावा की नाही, यासाठी आमच्या घरात नियम ठरला आहे: मोसमात असे चारच सामने पाहायचे आणि ते आधी निवडायचे. बाकीच्यांचा निकाल सकाळी कळतो. पराभवाची बातमी सहा तासांची झोप झाल्यावर वाचली तर ती निम्मीच लागते, हा माझा अनुभव आहे. ज्यांच्या घरात दहावी-बारावीची मुले आहेत त्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये टीव्ही बंदच ठेवावा.

ऐन रात्री लाइट जाते तेव्हा मोबाइलवर उरलेला सामना पाहण्यासाठी एक छोटी बॅटरी भरून ठेवावी, हे पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

चार जणांत बसून पाहताना

एकट्याने पाहिलेला पराभव फार काळ मनात राहतो, म्हणून शक्यतो चार जण जमवावेत, आणि त्यांत एक तरी दुसऱ्या संघाचा असावा. आमच्याकडे लिव्हरपूलचा एक जण आहे. २२ मे २०२५ च्या पहाटे, बिलबाओमधील युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमच्या ब्रेनन जॉन्सनने पहिल्या अर्धात केलेला एकमेव गोल युनायटेडला फेडता आला नाही, उत्तरार्धात आमच्या हॉयलुंडने डोक्याने मारलेला चेंडू गोलरेषेत जाणार असताना टॉटनहॅमच्या व्हॅन डी व्हेनने हवेत आडवे होऊन तो बाहेर काढला, तेव्हा आमच्या खोलीत "आई गं!" असा आवाज करणारा पहिला माणूस हाच लिव्हरपूलवाला होता. लीगमध्ये २२ सामने हरून सतराव्या स्थानी राहिलेला टॉटनहॅम १७ वर्षांनी करंडक घेऊन गेला, आणि पंधराव्या स्थानावरचे आम्ही रिकाम्या हाताने झोपायला गेलो. लिव्हरपूलवाल्याने त्या रात्री एकदाही चिडवले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपासून सुरू केले.

चिडवण्याची ही पद्धत मी सगळ्यांना सुचवतो: सामन्यानंतर बारा तास सूट, मग मोकळीक. चिडवणाऱ्याने संघावर बोलावे, माणसाच्या घरादारावर, भाषेवर किंवा जातीवर कदापि जाऊ नये. आमच्या बैठकीत मराठी, कन्नड, उर्दू आणि कोकणी बोलणारे सगळेच असतात, आणि पेनल्टी हुकल्यावर निघणारे शब्द चारी भाषांत सारखेच ऐकू येतात.

लहान मुलांचा प्रश्न नाजूक आहे. माझा भाचा आठ वर्षांचा आहे आणि त्याला मँचेस्टर सिटी आवडते, कारण त्याने डोळे उघडल्यापासून तो संघ जिंकतानाच पाहिला आहे. त्याला युनायटेडची जर्सी देऊन आपल्या दुःखात ओढण्याचा मोह मला झाला होता आणि मी तो आवरला. मुलांनी संघ स्वतः निवडावा. हरण्याची पाळी त्यांच्यावर यथावकाश येतेच.

घाटाखालचा आणि गल्लीतला फुटबॉल

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल किंवा प्रॅक्टिस क्लब या तिथल्या संघांचा सामना ज्याने पाहिला आहे, त्याला पेठेची निष्ठा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. तिथला चाहता आदल्या दिवशी ज्याच्यावर ओरडला त्याच खेळाडूच्या शेजारी दुसऱ्या दिवशी मिसळ खात असतो. राग समोरासमोर असल्यामुळे तो फार काळ टिकत नाही. आपल्याला मँचेस्टरचे खेळाडू केवळ पडद्यावर दिसतात आणि पडद्यावरच्या माणसावर राग धरणे फार सोपे जाते. यासाठी महिन्यातून एकदा तरी प्रत्यक्ष मैदानावर जावे. बेळगावात टिळकवाडीच्या लेले मैदानावर सामना असेल तर सीमारेषेलगत उभे राहून पाहावे. सतरा वर्षांच्या पोराने ओल्या जमिनीवर चेंडू थांबवताना पाय घसरून तो गमावला की शेजारचा कोणी तरी "काय मर्दा, थांबव की!" असे ओरडतो, पोरगा मान वळवून बघतो, चिखल झटकतो आणि पळत मागे जातो. वीस फुटांवरून हे पाहिले की टीव्हीवर तीच चूक करणाऱ्या माणसाविषयी तोंडातून निघणारा शब्द आपोआप बदलतो.

व्यावसायिक फुटबॉल जवळून पाहायचा असेल तर मडगावचे फातोर्डा स्टेडियम आपल्याला सर्वांत सोयीचे. स्वतःच्या वाहनाने चोर्ला घाटाने किंवा खानापूर, लोंढा, रामनगरवरून अनमोड घाटाने जाता येते. रेल्वेने जायचे तर गोवा एक्स्प्रेस बेळगाव आणि मडगाव या दोन्ही स्थानकांवर थांबते. संध्याकाळचा सामना पाहून रात्रीच घाट चढण्याचा हट्ट धरू नये, विशेषतः संघ हरला असेल तर. हरलेल्या चाहत्याच्या हातात चाक देऊ नये, असा आमच्यात दंडकच आहे. मडगावला मुक्काम करावा आणि उजाडल्यावर निघावे.

एफसी गोवाचे चाहते या विषयातले जाणकार आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये फातोर्डावरच झालेल्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात शेवटची काही मिनिटे उरली असताना गोवा २-१ ने पुढे होता आणि तरीही चेन्नईयिनकडून ३-२ असा हरला. पुढच्याच वर्षी तो तक्त्यात तळाला गेला. मार्च २०१९ मध्ये मुंबईतील अंतिम सामन्यात जादा वेळेत बंगळूरकडून राहुल भेकेने हेडरने गोल केला आणि पुन्हा उपविजेतेपद पदरी आले. (राज्याचा संघ बंगळूर, जवळचा संघ गोवा आणि गोल करणारा मुंबईचा मराठी पोरगा, अशा वेळी बेळगावकराने नेमके कोणत्या बाजूने ओरडायचे हे मला अजून उमगलेले नाही.) त्याच गोव्याने २०१९-२० मध्ये लीग टप्प्यात पहिला येऊन २०२१ च्या आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत भारताचा पहिला क्लब म्हणून पाऊल ठेवले. कोलकात्याच्या ईस्ट बंगालची कथा याहून कडू आहे. १९२० मध्ये स्थापन झालेला हा क्लब २०२०-२१ मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये आला आणि पहिल्या पाच मोसमांत नववा, अकरावा, नववा, नववा, नववा आला. मधल्या जानेवारी २०२४ मध्ये त्याने ओडिशाला ३-२ असे हरवून सुपर कप जिंकला, तेव्हा क्लबला बारा वर्षांनी राष्ट्रीय पातळीवरचा करंडक मिळाला होता. जुलै २०२५ मध्ये तर करारांच्या घोळामुळे इंडियन सुपर लीगचा मोसमच लांबणीवर पडला. संघ हरतो म्हणून रडणाऱ्यांना त्या पावसाळ्यात संघ खेळावा एवढीच मागणी करावी लागली.

सुट्टी घेण्यास काही हरकत नाही, हेही येथेच नोंदवतो. सलग पाच-सहा पराभवांनंतर एक महिना सामने पाहू नयेत, निकालही विचारू नयेत. ही गैरहजेरी कोणी मोजत नाही, आणि परत आल्यावर संघ तिथेच असतो, बहुधा आहे त्याच स्थानावर. महिन्याने पुन्हा पाहावेसे वाटले नाही तर तेही लपवू नये. मात्र वही फाडू नये.

माझ्या वहीत ग्रिम्सबीच्या पानावर पहिल्या रकान्यात "सगळ्यांवर" असा एकच शब्द, जरा मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे. दुसरा रकाना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भरायचा होता, पण घरात पाहुणे होते, आरतीची वेळ झाली, आणि तो तसाच कोरा राहिला आहे.